अंधेरीचे खांब, गोदीतला खैर

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिलचा उघडा कडा खालून पाहिला, की ही दगड झालेल्या झाडांची राई असावी असं वाटतं. सुमारे ६१ मीटर उंचीचे काळे, सरळसोट खांब खेटून उभे आहेत. माथ्यावर गावदेवीचं देऊळ. अशा खांबांना महाकाय वृक्षांचे बुंधे ठरवणाऱ्या चित्रफितींनाही तोटा नाही. पण यात झाडाची एकही खूण नाही. अश्मीभूत लाकडात पाण्यातली सिलिका पेशीपेशीत साचते, म्हणून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की लाकडाची वीण ओळखू येते. असे ओंडके गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात, वडधमला आहेत. गिल्बर्ट हिलच्या बेसॉल्टमध्ये दिसतात ते खनिजांचे स्फटिक. साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीचा शिलारस थिजताना आकसला, तडे आत शिरत गेले आणि बहुकोनी खांब सुटे झाले. शिलारसाखाली रान गाडलं गेलं असेल, ही शंका रास्तच. वरळीला दोन शिलारसांमधल्या गाळात बेडकांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म मिळालेत. मात्र इथे शेजारच्या खांबांच्या बाजू एकमेकींना तंतोतंत जुळतात, आणि अशी सामाईक भिंत घालून झाडं वाढत नाहीत.

समुद्रकाठचं खरंखुरं जुनं रान मुंबईत सापडलं ते पूर्व किनाऱ्यावर, १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना. ओहोटीच्या पातळीच्याही खाली चिखलात झाडांचे बुंधे होते, आणि त्यांत खैर होता. त्याचा दगड झाला नव्हता. लाकूड लाकूडच राहिलं होतं. दिसायला अंधेरीच्या कड्यापुढे ते फिकंच, पण पुरावा म्हणून कितीतरी वजनदार. खैर कोरड्या जमिनीवरचा, तिवरासारखा खाऱ्या पाण्यात उगवणारा नव्हे. म्हणजे तिथे एके काळी समुद्र नव्हता. भरतीने ओंडके वाहून आणले असतील, असं कुणी म्हणेल. पण वाहत आलेले ओंडके आडवे पडतात. इथले अनेक बुंधे जागच्या जागी, मुळांवर उभे होते. मग समुद्र चढला की जमीन खचली? भूशास्त्राच्या जुन्या पुस्तकांनी जमिनीला जबाबदार धरलं. हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता आणि साधारण ७,००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ पोचला. बुंधे त्याआधीचे असतील तर समुद्राच्या चढण्याने काम भागतं. नंतरचे असतील तर जमीन खचल्याशिवाय हिशेब जुळत नाही. हा वाद लाकडातल्या किरणोत्सारी कार्बनने सुटू शकतो, आणि तिथे लाकूड दगड न झाल्याचाच फायदा होतो.