तळहाताचा घाम आणि मनाची चिंता

उन्हात रताळी काढताना घाम यायलाच हवा; तो आला नाही तर अंग तापून माणूस कोसळेल. त्या घामाबद्दल आमची तक्रार नाही. सकाळच्या गारव्यात, हाताला काम नसताना तळहात निथळतात, विळ्याची मूठ निसटते, परीक्षेतला कागद भिजतो, मिस्सेत ख्रिस्तशरीर हातावर घ्यायला संकोच वाटतो, त्या घामाबद्दल आम्ही लिहीत आहोत.

अशा मुलाला घरची माणसे 'भित्रा' म्हणतात. हे चूक आहे. अंगाचा घाम मुख्यतः उष्णतेने सुटतो. तळहात, तळपाय व काखेतील ग्रंथींना मात्र मनातल्या खळबळीचा निरोपही मज्जातंतूंमार्फत पोचतो. काहींचे हे मज्जातंतू गरजेपेक्षा जास्त तत्पर असतात. हा विकार बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, पुष्कळदा घराण्यात चालत येतो आणि झोपेत थांबतो. म्हणजे आधी भीती व मागून घाम, असे नेहमीच नसते. आधी घाम येतो, लोक बघतील म्हणून जीव घाबरतो आणि त्या घाबरण्याने घाम आणखी वाढतो. हे रहाटगाडगे सुरू झाले की मुलगा चारचौघांत जाणे टाळतो. चिंता व उदासीनता अशा रोग्यांत इतरांपेक्षा जास्त आढळतात. जैतुनाच्या डोंगरावर प्रभूला आलेल्या घामाची नोंद चार शुभवर्तमानकारांपैकी एकट्या संत लूकने केली आहे, आणि तो वैद्य होता. त्या घामाला कोणी भित्रेपणा म्हटलेले आम्ही ऐकले नाही.

यावर इलाज आहे. ॲल्युमिनियम क्लोराइडचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्री कोरड्या कातडीवर लावतात. मन खचले असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, किंवा २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येते. मनाच्या काही गोळ्यांनीही घाम वाढतो; तसे झाल्यास गोळी परस्पर बंद करू नये.

मात्र प्रत्येक घाम मनाचा नव्हे. थायरॉइड वाढल्यानेही घाम सुटतो. रात्री कपडे भिजतात, खोकला हटत नाही, वजन घटते, तर क्षयाची तपासणी करावी. छातीत कळ व थंड घाम असेल तर लागलीच इस्पितळ गाठावे. आणि पिकावर औषध मारून आल्यावर घाम, लाळ, मळमळ सुरू होऊन डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर ती विषबाधा समजावी. कपडे उतरवून, अंग साबणाने धुऊन, औषधाचा डबा बरोबर घेऊन रोग्याला त्याच क्षणी दवाखान्यात न्यावे.