जुन्या मोटारगाडीतील इंजिन तेल

इंजिन तेल म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनातील एकमेकांवर घासणाऱ्या धातूच्या भागांमध्ये पातळ थर निर्माण करून घर्षण, झीज व उष्णता कमी करणारे वंगणतेल होय. बोलीभाषेत त्यास नुसते 'ऑईल' म्हणतात. जुन्या मोटारगाडीसाठी योग्य तेल निवडणे व ते वेळेवर बदलणे ही इंजिनाचे आयुष्य वाढविणारी सर्वांत स्वस्त देखभाल मानली जाते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने पंधरा वर्षांहून अधिक वापरलेल्या पेट्रोल व डिझेल गाड्यांचा विचार केला आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात 'ऑईल इंजिन' हा शब्द शेतीपंपाच्या डिझेल इंजिनासाठी रूढ आहे; तेथे 'ऑईल' हे इंधन असते, वंगण नव्हे. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत अशा इंजिनांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या किर्लोस्कर समूहाचा कारखाना आहे, तर शिरोली व गोकुळ शिरगाव येथे इंजिनाचे ओतीव भाग तयार होतात. मात्र हे भाग कितीही उत्तम असले तरी तेलाच्या थराविना काही मिनिटांत निकामी होतात.

== कार्य ==

इंजिनाच्या तळाशी असलेल्या पात्रात (गॅरेजच्या भाषेत 'चेंबर') तेल साठते. तेथून पंप ते जाळीतून ओढून घेतो व फिल्टरमार्गे बेअरिंग, कॅमशाफ्ट इत्यादी भागांकडे पाठवितो. क्रँकशाफ्ट व तिचे बेअरिंग यांच्यातील अंतर मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढे असते. शाफ्ट वेगाने फिरू लागली की ती या फटीतील तेलावर अक्षरशः तरंगते. तेलाचा दाब गेला, तर धातू धातूला भिडतो. तेलाच्या दाबाचा लाल दिवा गाडी चालताना लागल्यास 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' असा विचार न करता इंजिन तत्काळ बंद करावे, असे म्हणतात ते याच कारणाने.

वंगणाखेरीज तेल उष्णता वाहून नेते, काजळी व आम्ल यांना धरून ठेवते आणि गंज रोखते. त्यात मिसळलेली स्वच्छताकारक द्रव्ये काजळीचे कण तेलातच तरंगत ठेवतात. म्हणून तेल काळे पडणे हे ते खराब झाल्याचे नव्हे, तर पुष्कळदा काम करीत असल्याचे लक्षण असते. डिझेल इंजिनात नवे तेल थोड्याच अंतरात काळे होते. केवळ रंग पाहून निर्णय घेण्याची प्रथा त्यामुळे फारशी विश्वसनीय नाही.

== निवड ==

तेलाच्या डब्यावरील दोन खुणा महत्त्वाच्या असतात. पहिली श्यानतेची (गॅरेजमध्ये 'जाडी') श्रेणी. ही अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरविलेली आहे. '२०डब्ल्यू-४०' यातील 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक असून त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वर्तन, तर नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानातील श्यानता दर्शवितो. ४० श्रेणीच्या तेलाची या तापमानातील श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक यांदरम्यान असते. कागल परिसरात पारा गोठणबिंदूजवळ कधीच जात नसल्याने '०डब्ल्यू' किंवा '५डब्ल्यू' तेलाचा थंडीतील मोठा लाभ येथे मिळत नाही. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसेडर यांसारख्या जुन्या आराखड्याच्या इंजिनांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०, तर त्यानंतरच्या अनेक गाड्यांना १५डब्ल्यू-४० अथवा १०डब्ल्यू-३० योग्य ठरते. अंतिम शब्द अर्थातच गाडीच्या माहितीपुस्तिकेचा.

'गाडी जुनी झाली की जाड तेल घालावे' हा समज अर्धवट खरा आहे. झिजलेल्या इंजिनात जाड तेलाने आवाज व तेलाचा खप कमी होतो. पण झीज भरून येत नाही. शिवाय सकाळी इंजिन सुरू करताना जाड तेल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते. निळा धूर लपविण्यासाठी जाड तेल ओतून गाडी विकणे ही या समजाची दुसरी बाजू आहे. जुनी गाडी घेताना याची चौकशी अवश्य करावी.

दुसरी खूण गुणवत्तेच्या श्रेणीची. एपीआय या संस्थेच्या वर्गीकरणात पेट्रोल इंजिनांच्या तेलास 'एस' व डिझेल इंजिनांच्या तेलास 'सी' हे आद्याक्षर असते. पुढील अक्षर वर्णक्रमाने जितके पुढचे, तितकी श्रेणी नवी; उदाहरणार्थ, 'एसएल' २००१ मधील, तर 'एसपी' २०२० मधील आहे. नवी पेट्रोल श्रेणी सामान्यतः जुन्या श्रेणीऐवजी वापरता येते. येथे एक जुना वाद आहे. झीज रोखणाऱ्या जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्यामुळे धुराड्यातील उत्प्रेरक परिवर्तक निकामी होतो, म्हणून नव्या श्रेणींत फॉस्फरसवर मर्यादा घालण्यात आली. चपट्या टॅपेटच्या जुन्या इंजिनांना मात्र हे द्रव्य हवे असते. परंतु ही मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ तेलांना लागू आहे. २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० तेलांना ती लागू नसल्याने आपल्याकडील जुन्या गाडीच्या मालकाने त्याची विशेष चिंता करण्याचे कारण नाही.

कृत्रिम (सिंथेटिक) तेलाने जुन्या गाडीला गळती लागते, असेही म्हटले जाते. बहुधा घडते ते असे, की नवे तेल जुना गाळ धुऊन काढते आणि त्या गाळाने बुजलेली मूळची गळती उघडी पडते. दोन कंपन्यांची तेले मिसळल्याने मोठे नुकसान होत नाही. वाटेत पातळी घटल्यास तेलाविना पुढे जाण्यापेक्षा मिळेल ते योग्य श्रेणीचे तेल घालणे केव्हाही इष्ट.

== बदलण्याचा कालावधी ==

जुन्या गाड्यांसाठी साधारणतः ५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, हा सुरक्षित नियम आहे. महामार्गाने कागलहून कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीचे इंजिन पुरेसे तापते व तेलातील ओल उडून जाते. गावातल्या गावात, बाजारापुरती फिरणारी गाडी मात्र कमी अंतर धावूनही तेल लवकर बिघडवते. माणसे खच्चून भरून घाट चढणाऱ्या वडापच्या जीपगाड्यांना याहूनही कमी अंतराने तेल बदलावे लागते.

== पद्धत ==

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन कोमट करावे. गरम तेल गाळासह नीट वाहून जाते, मात्र अति गरम तेलाने हात भाजतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये; भक्कम स्टँड लावून चाकांना उटी द्यावी. तेल भरण्याचे झाकण सैल करून चेंबरचा नट काढावा व तेल पसरट भांड्यात दहा-पंधरा मिनिटे गळू द्यावे. नटाचा वायसर नवा घालावा. फिल्टर प्रत्येक वेळी बदलावा. जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. ती राहिल्यास दोन कड्यांमधून सारे तेल क्षणात बाहेर फेकले जाते. नव्या कडीला तेलाचा हात लावून फिल्टर हातानेच घट्ट करावा.

तेल थोडे कमी भरून इंजिन मिनिटभर चालवावे, बंद करून काही वेळाने पट्टीवर पातळी पाहावी व वरच्या खुणेपर्यंत आणावी. खुणेच्या वर भरणे हितावह नाही. क्रँकशाफ्ट तेल घुसळते, फेस होतो आणि दाब घटतो.

काही ठिकाणी तेल काढल्यावर चेंबरमध्ये डिझेल ओतून इंजिन 'धुण्याची' पद्धत आहे. ती टाळावी. उरलेले डिझेल नवे तेल पातळ करते, तर सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकून तेलाचा पुरवठाच बंद पाडू शकतो. गाळ फार असल्यास साधे तेल व फिल्टर थोड्या अंतराने दोनदा बदलणे अधिक सुरक्षित.

== तेलावरून निदान ==

तेल दुधाळ कॉफीसारखे दिसल्यास हेडच्या गॅस्केटमधून पाणी मिसळत असण्याची शक्यता असते. पावसाळ्यात केवळ झाकणाखाली दिसणारा पांढरट थर मात्र बहुधा हवेतील ओलीचा असतो. चमकणारे धातुकण बेअरिंगची झीज सुचवितात. पातळी कमी होणे सर्वांच्या लक्षात येते, वाढणे क्वचितच. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत पेट्रोल पंपाचा पडदा फाटल्यास पेट्रोल चेंबरमध्ये उतरते. तेल पातळ होते व पट्टीला पेट्रोलचा वास येतो. अशी गाडी दुरुस्तीपूर्वी सुरू करू नये.

== वापरलेले तेल ==

जळके ऑईल बांधकामात सेंटरिंगच्या फळ्यांना व वाळवीपासून बचावासाठी लाकडाला लावण्याची प्रथा ग्रामीण भागात आढळते. या तेलात जड धातू व कर्करोगजनक संयुगे असल्याने त्वचेशी वारंवार संपर्क घातक ठरतो, आणि गटारात ओतलेले तेल अखेर ओढ्या-नाल्यांतून दूधगंगेसारख्या नदीत पोहोचते. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते व ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जाणे अपेक्षित आहे. १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवरही त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकण्यात आली आहे. घरी तेल बदलणाऱ्याने ते झाकणबंद डब्यात, पाणी वा पेट्रोल न मिसळता, असे तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.