कोटूर-बेलूर, मैसूर आणि बीजिंगची परवानगी

धारवाडहून बेळगावकडे निघालं की हायवेला लागून कोटूर-बेलूरचा औद्योगिक पट्टा लागतो. मार्च 2023 मध्ये केंद्र सरकारने इथल्या 224.5 एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स मॅन्युफॅक्चरिंग क्लस्टर उभारायला मंजुरी दिली. प्रकल्पाचा खर्च सुमारे 180 कोटी, त्यातला अर्धा वाटा केंद्राचा. तेव्हापासून हुबळी-धारवाडात चिपचा विषय निघाला की काही ठाम मतं हमखास ऐकू येतात. ती चुकीची असली तरी मांडणारी माणसं हुशार आणि गावाची काळजी असणारी आहेत, म्हणून ती एकेक तपासून बघायला हवीत.

"धारवाडात आता चिपचा कारखाना येणार."

नाही. क्लस्टर म्हणजे रस्ते, वीज, पाणी, तयार शेड आणि काही सामायिक सोयी. तिथे येणाऱ्या कंपन्या बोर्डावर सुटे भाग बसवतील, यंत्रं जुळवतील, तपासून बाहेर पाठवतील. चिप तिथे विकत येईल. सिलिकॉनच्या तबकडीवर चिप घडवणारा कारखाना, म्हणजे फॅब, ही वेगळीच गोष्ट आहे. गुजरातेत ढोलेरा इथे टाटा आणि तैवानची पीएसएमसी उभारत असलेल्या फॅबचा खर्च 91,000 कोटी धरला आहे. त्याशेजारी 180 कोटी ठेवून बघितले की फरक कळतो. शिवाय फॅबला अतिशुद्ध पाणी लागतं, तेही रात्रंदिवस आणि प्रचंड प्रमाणात. मलप्रभेच्या पाण्यावर जगणाऱ्या आणि म्हादईच्या वादात वर्षानुवर्षं अडकलेल्या जुळ्या शहरांना हा मुद्दा जास्त समजावून सांगायची गरज नाही.

मधला टप्पाही लोक विसरतात. तयार तबकडी कापायची, चिप कवचात बसवायची, तपासायची, हे काम स्वतंत्र कारखान्यात होतं. साणंदची मायक्रॉन आणि आसामातल्या जागीरोडचा टाटांचा प्रकल्प या जातीचे आहेत. बातमीत फॅब आणि हे कारखाने, दोन्हींना 'सेमीकंडक्टर प्लांट' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

"चिप महाग पडते ती कस्टम ड्यूटीमुळे."

हा समज उद्योजकांमध्येही आहे. भारत 1997 मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि इंटिग्रेटेड सर्किटवरचं मूळ सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. आजही ते शून्यच आहे. आयातीवर 18 टक्के आयजीएसटी भरावा लागतो, पण नोंदणीकृत कारखानदाराला त्याचं क्रेडिट मिळतं. पैसे काही काळ अडकतात हे खरं, पण त्यामुळे चिपची किंमत वाढत नाही.

ज्या बोर्डावर ती चिप बसते, त्याची गोष्ट निराळी. चीन आणि हाँगकाँगहून येणाऱ्या सहा थरांपर्यंतच्या पीसीबीवर सरकारने 2024 मध्ये अँटी-डंपिंग शुल्क लावलं. देशी पीसीबी कारखान्याला त्याने आधार मिळतो, तर बोर्ड जुळवणाऱ्याचा खर्च वाढतो. कोटूर-बेलूरमध्ये येऊ घातलेले बहुतेक उद्योग या दुसऱ्या गटातले असणार. तेव्हा शुल्काबद्दल तक्रार करायची असेल तर ती नेमक्या वस्तूबद्दल करावी.

"मग परदेशी चिपवर ड्यूटी लावा, आपले कारखाने वाचतील," ही मागणीही त्याच करारापाशी अडते. शून्य शुल्काचं वचन आपण देऊन बसलो आहोत. मोबाइल फोन त्या करारात येत नाहीत, असं म्हणत भारताने त्यांवर शुल्क लावलं, तेव्हा युरोपीय संघ, जपान आणि तैवान या तिघांनीही तक्रार केली. एप्रिल 2023 मध्ये व्यापार संघटनेच्या पॅनेलनी निकाल दिले, ते प्रामुख्याने भारताच्या विरोधात गेले. म्हणूनच सरकारने चिपसाठी शुल्काऐवजी अनुदानाचा मार्ग धरला. डिसेंबर 2021 मध्ये जाहीर झालेली 76,000 कोटींची योजना ती हीच.

"सरकारने पैसा आणि जमीन दिली की फॅब येतो."

या समजाचं उत्तर आपल्याच राज्यात आहे आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मे 2022 मध्ये कर्नाटक सरकारने आयएसएमसी या कंपनीशी करार केला. मुख्यमंत्री होते हुबळीचेच बसवराज बोम्मई. तीन अब्ज डॉलर, म्हणजे तेव्हाचे जवळपास 22,900 कोटी रुपये, मैसूरजवळ कोचनहळ्ळीत 150 एकर जमीन, आणि तंत्रज्ञान इस्रायलच्या टॉवर सेमीकंडक्टर कंपनीचं. मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत आज जी 180 नॅनोमीटरची प्रक्रिया चालते, तीही मूळ टॉवरचीच. म्हणजे भागीदार अनोळखी नव्हता, जमीन ठरली होती आणि केंद्राचं अनुदान जाहीर झालेलं होतं.

अडचण भलत्याच ठिकाणी होती. करार होण्याआधीच, फेब्रुवारी 2022 मध्ये, इंटेलने टॉवर 5.4 अब्ज डॉलरना विकत घेत असल्याचं जाहीर केलं होतं. मोठ्या कंपन्यांचं असं विलीनीकरण झालं तर बाजारातली स्पर्धा मरेल का, हे अनेक देशांचे स्पर्धा नियामक तपासतात. कंपनी कुठल्या देशातली आहे यापेक्षा तिची विक्री कुठे होते याला तिथे महत्त्व असतं. इंटेल आणि टॉवर दोघांचाही माल चीनमध्ये खपतो, त्यामुळे चिनी नियामकाची मंजुरीही लागणार होती. दीड वर्ष ती आली नाही. ऑगस्ट 2023 मध्ये मुदत संपली, इंटेलने सौदा सोडला आणि टॉवरला 35 कोटी 30 लाख डॉलर भरपाई दिली.

हे दीड वर्ष टॉवर विकली जाण्याच्या उंबरठ्यावर होती. अशा अवस्थेत तिला मैसूरच्या प्रकल्पासाठी बांधील करार करता येईना आणि आयएसएमसीचा दिल्लीतला प्रस्ताव तिथेच थांबला. इंटेलने अमेरिकेत केलेल्या सौद्याची फाइल बीजिंगमध्ये अडली आणि मैसूरजवळचं काम सुरूच झालं नाही. अमेरिका-चीन व्यापारयुद्धाच्या काळात स्पर्धा कायदासुद्धा किती लांबून हात घालतो, याचं याहून जवळचं उदाहरण कर्नाटकाला सापडणार नाही. क्वालकॉमचा एनएक्सपी खरेदीचा प्रयत्नही 2018 मध्ये याच मंजुरीवाचून फसला होता.

महाराष्ट्रातल्या वाचकांना इथे तळेगाव आठवेल. तिथे येऊ घातलेला वेदांत-फॉक्सकॉनचा 1.54 लाख कोटींचा चिप प्रकल्प गुजरातने पळवला, हे दुःख अजून बोललं जातं. पण जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनच त्या भागीदारीतून बाहेर पडली. तो प्रकल्प त्या रूपात गुजरातलाही मिळाला नाही. अशा घोषणेच्या दिवशी विचारायचा प्रश्न एकच: तंत्रज्ञान कोणाचं, आणि त्याचा करार सहीनिशी झालाय का?

"चिपची किंमत बाजार ठरवतो, त्यात कोणी काही करू शकत नाही."

मेमरी चिपच्या बाजारात सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या हातात डीरॅम या प्रकारच्या मेमरीचा 90 टक्क्यांहून जास्त हिस्सा आहे. इतके कमी विक्रेते असले की संगनमत सोपं होतं, आणि ते झालेलं आहे. 1998 ते 2002 दरम्यान डीरॅम कंपन्यांनी आपसांत दर ठरवले. अमेरिकेत सॅमसंगने 2005 मध्ये गुन्हा कबूल करून 30 कोटी डॉलर दंड भरला. युरोपीय आयोगाने 2010 मध्ये नऊ कंपन्यांना मिळून 33 कोटी 10 लाख युरोंचा दंड केला. दहावी होती मायक्रॉन. तिने आधीच माहिती फोडल्यामुळे ती सुटली.

याचा अर्थ प्रत्येक भाववाढ संगनमताची असते असा नाही. 2025 च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले, कारण एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीकडे कारखान्यांची क्षमता वळली होती. ही खरी टंचाई. मात्र टंचाई आणि लबाडी यांतला फरक कळायला जागरूक नियामक लागतो.

"अमेरिका-चीनची भांडणं महागड्या एआय चिपवरून आहेत. आपल्या दहा-वीस रुपयांच्या मालाला त्याचं काय?"

हुबळीतल्या गोकुळ रोडवरच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मोटरचा बिघडलेला ड्राइव्ह उघडताना बघा. ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला घट्ट बसवलेलं आयजीबीटी मॉड्यूल, एक काळा मायक्रोकंट्रोलर, आणि भोवती तांदळाच्या दाण्याएवढे डायोड आणि ट्रान्झिस्टर. यातला एक डायोड मिळाला नाही तरी हजारो रुपयांचा ड्राइव्ह टेबलावर पडून राहतो.

जगाने हेच ऑक्टोबर 2025 मध्ये अनुभवलं. नेक्सपेरिया ही नेदरलँड्सची कंपनी असे साधेच भाग बनवते. मालकी चीनच्या विंगटेककडे, तबकड्या बहुतांशी युरोपात तयार होतात आणि कवचबंद होण्यासाठी मोठ्या प्रमाणात चीनमधल्या डोंगक्वानला जातात. 30 सप्टेंबरला डच सरकारने 1952 च्या एका कायद्याखाली कंपनीच्या निर्णयांवर ताबा आणला. चार दिवसांत चीनने डोंगक्वानहून निर्यात रोखली. होंडाला मेक्सिकोतला कारखाना थांबवावा लागला. नोव्हेंबरमध्ये डच सरकारने आदेश स्थगित केला, तोवर जगभरच्या वाहन कंपन्या चिल्लर किमतीचे भाग शोधत होत्या. धारवाडात टाटांची वाहनं बनतात आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लहान उद्योग आसपास आहेत. साध्या भागांचा पुरवठा हा त्यांच्याही रोजीरोटीचा विषय आहे.

"28 नॅनोमीटर म्हणजे जुनाट माल."

नॅनोमीटरचा आकडा चिपच्या तंत्रज्ञानाची पिढी सांगतो; जितका लहान, तितकी नवी. ढोलेरात 28 ते 110 नॅनोमीटरचं तंत्रज्ञान येणार आहे. गाड्या, वीजमीटर, मोटर ड्राइव्ह यांना लागणाऱ्या बऱ्याचशा चिप याच पट्ट्यातल्या. आपल्या भागातल्या उद्योगाला उपयोग याचाच.

"फॅब नाही म्हणजे हुबळी-धारवाडला यात जागाच नाही."

चिपच्या किमतीतला मोठा भाग आराखड्याचा असतो, आणि आराखड्याला मलप्रभेचं पाणी लागत नाही. आयआयटी धारवाड, ट्रिपल आयटी आणि हुबळीचं केएलई टेक ही तिन्ही इथेच आहेत. 2021 च्या योजनेत चिप डिझाइन करणाऱ्या कंपनीला पात्र खर्चाच्या 50 टक्के, कमाल 15 कोटींपर्यंत परतावा ठेवला होता. महागडी डिझाइन सॉफ्टवेअर बेंगळुरूच्या सी-डॅकमधल्या चिपइन केंद्रामार्फत कॉलेजांना आणि स्टार्टअपना वापरता येतात, आणि विद्यार्थ्यांनी काढलेल्या आराखड्यांच्या चिप मोहालीत बनून परत येतात.

कोटूर-बेलूरमध्ये शेड घेणाऱ्याने तरी बोर्डाचा आराखडा पक्का करण्याआधी दोन गोष्टी कागदावर मागाव्यात. प्रत्येक चिपला दुसऱ्या कंपनीचा चालणारा पर्याय कोणता, आणि तिची तबकडी कुठल्या देशात बनते. ही दुसरी गोष्ट आता महत्त्वाची ठरते आहे: चीनने एप्रिल 2025 मध्ये चिपचा मूळ देश ठरवताना कवचबंद होण्याची जागा बाजूला ठेवून तबकडी बनण्याची जागा धरायला सुरुवात केली आहे. पुरवठादाराच्या डेटाशीटवर ही माहिती सहसा नसते, ती विचारूनच मिळवावी लागते.