कर्नल बदलला, कॉम्प्युटर रुसला!

अपडेट झाला, रीस्टार्ट केलं आणि स्क्रीन काळाकुट्ट! लिनक्सवाल्यांनो, घाम पुसा. नवे कर्नलसाहेब रुजू झाले म्हणून जुन्यांना कोणी लगेच घरी पाठवत नाही. फेडोरा तर ठरवूनच ३ कर्नल पदरी बाळगते!

साहेब, परत या! उबंटूवर मशीन सुरू होताना एस्केप दाबा. जुनं बायॉसवालं मशीन असेल तर शिफ्ट धरून ठेवा. ग्रब या बूटलोडरचा मेनू आला की ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये शिरा, आधीचा कर्नल निवडा, एंटर ठोका. बऱ्याच जणांचं काम इथेच फत्ते!

२८ चा पाढा माहीत आहे का? याच ग्रबचा पासवर्ड एकेकाळी नुसत्या बॅकस्पेसने उडायचा. युजरनेम विचारलं की २८ वेळा बॅकस्पेस, आणि रेस्क्यू शेल हजर! २०१५ मध्ये स्पेनच्या वॅलेन्सियातल्या दोन संशोधकांनी हे उघड केलं. बोटं आवरा, ते भोक केव्हाच बुजवलंय.

दिवा लुकलुकतोय? कॅप्स लॉकचा दिवा आपोआप उघडझाप करतोय? भूतबित काही नाही, ही ‘कर्नल पॅनिक’ची खूण असू शकते. घाबरलाय तो, तुम्ही नाही!

हाउसफुल्ल! ‘अनएबल टू माउंट रूट एफएस’ असा मेसेज आला तर पहिला संशयित इनिटरॅमएफएस. डिस्कपर्यंत पोचायला लागणारे ड्रायव्हर याच गाठोड्यात असतात. बूट पार्टिशन भरलेलं असेल तर गाठोडं बांधलंच जात नाही. जुन्या कर्नलने आत शिरा, नको असलेले कर्नल काढा, गाठोडं नव्याने बांधा.

हत्ती आणि कीबोर्ड! मशीन मध्येच गोठलं? ऑल्ट आणि सिसआरक्यू धरून सावकाश आर, ई, आय, एस, यू, बी. लक्षात कसं ठेवायचं? ‘रेझिंग एलिफंट्स इज सो अटर्ली बोरिंग’! उबंटूत मूळ सेटिंगला शेवटची ३ अक्षरंच चालतात, पण डिस्कवर डेटा लिहून रीबूट करायला तेवढी पुरतात.

नावातच धोका! मार्च २०२१ मध्ये कर्नल ५.१२ ची पहिली चाचणी आवृत्ती स्वॅप फाइल वापरणाऱ्यांची अख्खी फाइल सिस्टिम खराब करू लागली. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने तिचं नाव बदलून शेपटीला चक्क ‘डोंटयूज’ जोडलं. याहून स्पष्ट वॉर्निंग असते का?

१० हजारांत एक चोर! नव्या कर्नलमधल्या १० हजार बदलांपैकी नेमका कोणता नडला? ‘गिट बायसेक्ट’ दर वेळी निम्मे संशयित सोडून देतं. जास्तीत जास्त १४ फेऱ्या, चोर गजाआड!

पॅनिक स्कॅन करा! २०२४ च्या ६.१२ कर्नलपासून पॅनिक झाल्यावर स्क्रीनवर क्यूआर कोड झळकवायची सोय आली आहे. पैसे जात नाहीत, फक्त बिघाडाचा तपशील मोबाइलवर येतो!

आणि खुद्द लिनस? लिनक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत त्याला मोडेमवरून नंबर फिरवायचा होता. चुकून हार्ड डिस्कवरच फिरवला! मिनिक्स ही त्याची तोवरची सिस्टिम त्यात खलास. मग पठ्ठ्या स्वतःच्या लिनक्सवरच राहायला गेला. म्हणजे मशीन न उठणाऱ्यांचं घराणं थेट मूळ पुरुषापर्यंत पोचतं!