विश्लेषण : शाळेतील समुपदेशक नेमके काय करतात? मुलाने सांगितलेले कुणाकुणाला कळते?

‘तुमच्या मुलाला समुपदेशकांकडे पाठवले आहे’ असा निरोप शाळेतून आला, की अनेक घरांत पहिला प्रश्न उमटतो तो ‘आता याने काय केले?’ हा. समुपदेशन म्हणजे शिक्षेची पुढची पायरी, असा समज अजून गेलेला नाही. दुसरीकडे, १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. पद निर्माण करणे हा झाला एक भाग. मूल त्या खोलीपर्यंत स्वतःहून जाईल का, हे मात्र वेगळ्याच गोष्टींवर ठरते.

न्यायालयाने काय सांगितले?

विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूसंदर्भातील सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला. मानसिक आरोग्य हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगत न्यायालयाने १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कायदा होईपर्यंत ती शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहांना बंधनकारक आहेत. किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता संस्थेत असावा आणि छोट्या संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणे आणि चारचौघांत अपमान करणे शक्यतो टाळावे, असेही न्यायालयाने सांगितले.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) २०१८ च्या संलग्नता नियमावलीतच माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांना पूर्णवेळ समुपदेशकाची अट घातली होती. नववी ते बारावीचा पट ३०० पेक्षा कमी असल्यास अर्धवेळ नेमणुकीची मुभा होती.

गरज किती मोठी आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातील होते. मात्र आत्महत्या हे या प्रश्नाचे सर्वांत टोकाचे रूप झाले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. ‘एनसीईआरटी’ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणात ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचे कारण सांगितले. म्हणजे प्रश्न वर्गातल्या दोन-चार ‘त्रासदायक’ मुलांपुरता नाही. मागच्या बाकावर गप्प बसणारे आणि कधीच तक्रार न करणारे मूलही त्यात येते.

समुपदेशक दिवसभर काय करतात?

पहिले काम ऐकण्याचे. साधारण अर्ध्या-पाऊण तासाच्या भेटीत मूल काय सांगते, काय टाळते, हे समजून घेतले जाते. सातवीतली एखादी मुलगी दर सोमवारी पोटदुखीमुळे घरी राहते. डॉक्टरांना काही सापडत नाही. शिक्षकांना ती आळशी वाटते, घरच्यांना नाटकी. समुपदेशक सोमवारचे वेळापत्रक पाहतात, शाळेच्या बसमध्ये कोण असते ते विचारतात, घरी शनिवार-रविवार कसा जातो हे जाणून घेतात. कारण गणिताच्या तासाची भीती असू शकते, बसमधली टिंगल असू शकते किंवा घरातली भांडणेही. प्रत्येकावर उपाय वेगळा.

दुसरे काम शिकण्यातील अडचण ओळखण्याचे. तोंडी उत्तरे चोख देणारा, पण लिहिताना अक्षरे उलटसुलट करणारा मुलगा ‘दुर्लक्ष करतो’ म्हणून वर्षानुवर्षे बोलणी खातो. त्याला विशिष्ट अध्ययन अक्षमता असू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये तिचा समावेश आहे. अधिकृत केंद्रात तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले, तर परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. हा रस्ता पालकांना वेळेत दाखवणे समुपदेशकांच्या हातात असते. दहावीच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा पाचवी-सहावीत लक्षात आलेले केव्हाही बरे.

याशिवाय वयात येताना होणारे बदल, मोबाइलचा वापर, चिडवाचिडवी यांवर वर्गात गटचर्चा घेणे, दहावीनंतरच्या वाटा समजावणे आणि शिक्षक-पालक यांच्यात दुवा साधणे हीदेखील त्यांचीच कामे.

ते काय करत नाहीत?

समुपदेशक औषध देत नाहीत. मूल सलग काही आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, स्वतःला इजा करत असेल, तर त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणे हेच त्यांचे कर्तव्य. ताप आल्यावर शाळेतून घरी पाठवतात तितक्याच सहजतेने ही शिफारस स्वीकारली गेली पाहिजे. मुलाला शिस्त लावणे, त्याच्याकडून कबुली घेणे किंवा ‘आई-बाबांचे ऐक’ म्हणून समजावणे हेही त्यांचे काम नाही.

मुलाने सांगितलेले गुप्त राहते का?

सर्वसाधारणपणे, हो. शाळेतील समुपदेशनाचा सारा डोलारा या एका विश्वासावर उभा असतो. मधल्या सुट्टीत सांगितलेली गोष्ट शाळा सुटेपर्यंत शिक्षकांच्या खोलीत पोहोचली, तर ते मूल पुन्हा येत नाही. त्याच्याकडून ऐकलेली आणखी चार मुलेही येत नाहीत. म्हणून वर्गशिक्षकांना गरजेपुरतेच सांगितले जाते. ‘काही दिवस त्याला उभे करून वाचायला लावू नका’ एवढी सूचना पुरते. त्यामागची कहाणी सांगण्याची गरज नसते.

या गोपनीयतेला मर्यादा मात्र आहेत. मूल स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याची शक्यता असेल, दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल, तर गप्प राहता येत नाही. बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या (पॉक्सो, २०१२) कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. ती न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवल्यास ही शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. शाळेची बदनामी होईल, ही सबब कायद्याला मान्य नाही. या मर्यादा मुलाला पहिल्याच भेटीत, त्याला समजेल अशा भाषेत सांगाव्या लागतात. आधी ‘कुणालाही सांगणार नाही’ म्हणायचे आणि नंतर सांगायचे, याइतका मोठा विश्वासघात दुसरा नाही.

समुपदेशक असूनही मुले का जात नाहीत?

कारणे बहुधा साधी असतात. वेगळी खोली नसते. भेट ग्रंथालयाच्या कोपऱ्यात किंवा मुख्याध्यापकांच्या दालनाशेजारी होते. शिपाई वर्गात येऊन सर्वांसमोर नाव पुकारतो आणि दिवसभर ‘याला बोलावले’ अशी कुजबुज होते. शिक्षक रजेवर असले की ऑफ तासाला समुपदेशकांनाच वर्गावर पाठवले जाते. सकाळी ज्यांनी वर्गात रागावले, त्यांच्यापाशी दुपारी मन कोण मोकळे करणार?

संख्येचा प्रश्न आहेच. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, असे सुचवते. आपल्याकडे १,५०० मुलांच्या शाळेत एकच समुपदेशक असेल आणि रोज पाच भेटी झाल्या, तर प्रत्येक मुलाला एकदा भेटायला ३०० दिवस लागतील. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या शाळेचे वर्षाचे किमान कामाचे दिवस आहेत २२०. न्यायालयाने विद्यार्थी-समुपदेशक प्रमाण योग्य ठेवण्यास सांगितले, पण आकडा ठरवून दिला नाही.

समुपदेशक नसलेल्या शाळेत काय?

देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. तिथे समुपदेशकाची अपेक्षा आज तरी कागदावरचीच. आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात (२०२०) प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. शिक्षक समुपदेशकाची जागा घेऊ शकत नाहीत, पण बदल सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येतो. हजेरी अचानक घटणे, डबा तसाच परत जाणे, मित्र तुटणे, आवडत्या खेळातूनही अंग काढून घेणे या खुणा टिपून मुलाला योग्य ठिकाणी पोहोचवणे त्यांना जमू शकते.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. ‘जगणे नकोसे वाटते का?’ असे थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही भीती निराधार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. शांतपणे विचारलेल्या या प्रश्नाने अनेकदा बोलण्याची वाट मोकळी होते.

पालकांनी काय करावे?

शाळेत समुपदेशक आहेत का, त्यांचे शिक्षण काय, ते पूर्णवेळ आहेत का, भेटीसाठी वेगळी जागा आहे का, हे प्रश्न पालकसभेत विचारता येतात. फीइतकेच ते महत्त्वाचे आहेत. मूल भेटून घरी आले, की ‘काय काय विचारले?’ अशी उलटतपासणी टाळावी. ‘सांगावेसे वाटले तर मी आहे’ एवढे पुरे. समुपदेशकांनी पालकांनाच भेटीला बोलावले, तर तो दोषारोप समजू नये. घरातल्या एखाद्या सवयीत बदल केल्याशिवाय मुलाचा ताण हलत नाही, असे पुष्कळदा असते.

तातडीची मदत हवी असल्यास ‘टेली मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा अहोरात्र सुरू असते. संकटातील मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. दहावी-बारावीच्या परीक्षाकाळात राज्य मंडळही दूरध्वनीवर समुपदेशक उपलब्ध करून देते. हे क्रमांक मुलांच्या मोबाइलमध्ये किंवा वहीच्या मागच्या पानावर आधीच लिहिलेले असावेत. अडचणीच्या वेळी ते शोधायला मोठ्यांची परवानगी लागू नये.