मोफत पुस्तकांचा खर्च

ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा २०१३ च्या सुमारास ‘डिजिटल शाळा’ म्हणून गाजली. संदीप गुंड गुरुजींचा तो वर्ग लोकसहभागातून उभा राहिला होता. पुढे अशा शाळांची राज्यभर लाट आली. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयाने तिला जोर मिळाला आणि त्याच वाटेने विक्रेतेही पाड्यांवर पोचले. प्रोजेक्टर, टॅब आणि सोबत ‘सॉफ्टवेअर’. म्हणजे बहुतेकदा पाठ्यपुस्तकातलेच धडे, हलत्या चित्रांत घालून कुलूपबंद केलेले. वर्गणी मात्र गावाची.

तोवर जगात मुक्त शैक्षणिक साहित्याचा, म्हणजे कोणीही फुकट घ्यावे, बदलावे, वाटावे अशा धड्यांचा, बोलबाला सुरू होऊन दशक उलटले होते. हा शब्दप्रयोग युनेस्कोच्या २००२ च्या बैठकीतला. त्यातला एक जुना वाद: फुकट दिलेल्या धड्यावर दुसऱ्याने पैसे कमवावेत का? अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या खुल्या अभ्यासक्रमांच्या व्यापारी वापराला मनाई केली. एनसीईआरटीच्या २०१३ च्या मुक्त साहित्याच्या राष्ट्रीय भांडाराने विक्रीलाही मोकळीक दिली. अट एवढीच की मूळ कर्त्याचे नाव द्यायचे आणि बदललेले साहित्यही तसेच खुले ठेवायचे. मला ही दुसरी वाट पटते. शेजारच्या मुरबाडच्या बाजारात कोणी धडे छापून कागदाचे पैसे घेतले, तर बिघडले कुठे?

आपल्या राज्याची पाठ्यपुस्तके काढणाऱ्या बालभारतीची वाट मात्र वेगळी: पुस्तके पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण हक्क राखीव. २०१८ मध्ये त्यांवर आधारलेले साहित्य विकणाऱ्यांसाठी परवाना आणि शुल्क आले. गाईडवाल्यांना चाप बसावा, हे ठीकच. पण कातकरी किंवा ठाकर मुलांसाठी त्यांच्या बोलीत धडा फिरवून लिहिणाऱ्या आणि तो शेजारच्या केंद्रातल्या शाळांना वाटू पाहणाऱ्या गुरुजींचे काय?

‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन शिक्षण-व्यासपीठ २०१७ मध्ये आले, पुस्तकांवर क्यूआर कोड छापले गेले. मग करोनातली २०२० ची टाळेबंदी. साहित्य फुकट होते. फोन, डेटा आणि रेंज फुकट नव्हती. शहापूर-मुरबाडच्या डोळखांब, टोकावडे भागातल्या पाड्यांना हे वेगळे सांगायला नको. (मुंबईला पाणी पुरवणाऱ्या शहापूर तालुक्यातच टँकर लागतात, तिथे रेंजचे काय घेऊन बसलात!) राज्यात कितीतरी जिल्हा परिषद शाळांची वीज थकबाकीपोटी तोडली गेली, तिथे तर प्रोजेक्टरही झाकूनच राहिले.

खर्च टळत नाही, तो कोणाच्या तरी गळ्यात पडतोच. तो सरकारने उचलावा. आणि बालभारतीने निदान पहिली-दुसरीची पुस्तके तरी बदलायला, भाषांतर करायला आणि छापायला खुली करावीत.