तापलेल्या ओव्हनमधले थंडगार आइस्क्रीम : 'बेक्ड अलास्का'चे शास्त्र आणि घरगुती कृती

नवी दिल्ली : फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस आणि तापलेल्या ओव्हनचे २३० अंश. या दोन टोकांमधील सुमारे अडीचशे अंशांचे अंतर एकाच पदार्थाने काही मिनिटांत पार करायचे आणि तरीही पोटातील आइस्क्रीम वितळू द्यायचे नाही, ही 'बेक्ड अलास्का' या गोड पदार्थाची अट आहे. तळाला स्पंजकेक, त्यावर आइस्क्रीमचा घुमट आणि या दोहोंना सर्व बाजूंनी झाकणारा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा साखरमिश्रित फेस, म्हणजेच मेरिंग, एवढीच त्याची रचना. बड्या हॉटेलांच्या आणि प्रवासी जहाजांच्या मेजवान्यांत दीर्घकाळ मिरवलेला हा पदार्थ घरच्या साध्या ओटीजीमध्येही उत्तम होतो. तो फसतो तेव्हा दोष ओव्हनला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा आदल्या रात्रीच फसलेला असतो. शिवाय वरून खरपूस दिसणारे मेरिंग आतून शिजलेले असेलच असे नाही, ही गोष्ट अनेक पाककृतींत सांगायची राहून जाते.

आइस्क्रीम वितळत नाही याचे कारण हवा. स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे; पाण्याच्या तुलनेत तिची उष्णतावहनाची क्षमता सुमारे चोविसाव्या हिश्शाएवढीच असते. तापलेल्या ओव्हनमध्ये हात क्षणभर घातला तर केवळ झळ लागते, पण तोच हात आतील पत्र्याला लागला तर तत्काळ पोळतो, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. मोकळी हवा मात्र खेळती असते आणि खेळता खेळता उष्णता वाहून नेते. तिला सूक्ष्म बुडबुड्यांत कोंडले की ती रोधक बनते. फेटलेले मेरिंग म्हणजे अशा असंख्य बुडबुड्यांची गोधडीच. खालचा जाळीदार स्पंजकेकही तेच काम करतो आणि तापलेल्या ट्रेची उष्णता वर चढू देत नाही.

दुसरे संरक्षण खुद्द बर्फाचे. शून्य अंशावरील १ ग्रॅम बर्फाचे त्याच तापमानाच्या पाण्यात रूपांतर होण्यासाठी ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत १ ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. त्यामुळे आइस्क्रीम जितके कडक गोठलेले, तितका त्याचा उष्णतेशी सामना लांबतो. चार मिनिटांसाठी एवढी कुमक पुरेशी ठरते. दहा मिनिटांसाठी ती पुरत नाही.

भारतीय वाचकाला हे तत्त्व नवे नाही. बर्फाची लादी लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून नेणारे बर्फवाले याच कोंडलेल्या हवेच्या भरवशावर उन्हातून जात असत. फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये 'टस्कनी' या जहाजातून सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ कोलकात्यास धाडले. चार महिन्यांच्या, विषुववृत्त दोनदा ओलांडणाऱ्या प्रवासानंतर त्यातील सुमारे १०० टन बर्फ शाबूत उतरले. या व्यापारासाठी चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर बांधलेले 'आइस हाउस' आज स्वामी विवेकानंदांच्या नावाने ओळखले जाते. भुशाच्या जागी फेस आणि जहाजाच्या जागी ओव्हन कल्पिला की बेक्ड अलास्काचे मर्म हाती येते.

कोंडलेल्या हवेच्या या गुणाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, यांचे नाव अग्रभागी आहे. १७५३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने बव्हेरियाच्या सेवेत असताना सैनिकांच्या गणवेशांसाठी कापडांची उष्णतारोधकता तपासली आणि लोकर, पिसे व केसाळ कातडी यांची ऊब त्यांत अडकलेल्या हवेमुळे असते, असे दाखवले. हा पदार्थही त्यांनीच शोधला, अशी कथा पाकशास्त्राच्या लेखनात वारंवार येते. तत्त्वाचे श्रेय त्यांना निःशंकपणे देता येते. पदार्थाचे श्रेय देताना हात आखडता घेतलेला बरा.

नावाची कथा राजकारणाकडे जाते. अमेरिकेने ३० मार्च १८६७ रोजी करार करून ७२ लाख डॉलरना रशियाकडून अलास्काचा भूप्रदेश विकत घेतला. या ओसाड हिमप्रदेशाच्या खरेदीची त्या वेळी यथेच्छ टिंगल झाली. न्यूयॉर्कच्या 'डेलमॉनिको' उपाहारगृहाचे प्रमुख आचारी चार्ल्स रॅनहोफर यांनी त्याच प्रसंगी हा पदार्थ सादर केला, असे सांगितले जाते. लेखी पुरावा नंतरचा आहे. १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द एपिक्युरियन' या ग्रंथात तो 'अलास्का, फ्लोरिडा' या नावाने येतो. एक नाव हिमाचे, दुसरे उन्हाचे. केळी आणि व्हॅनिला यांचे आइस्क्रीम व जर्दाळूचा मुरंबा त्यात होता. १८९६ मध्ये फॅनी फार्मर यांच्या बॉस्टनमधील पाकपुस्तकात 'बेक्ड अलास्का' हे नाव आढळते. केक लाकडी फळीवर कागद पसरून त्यावर ठेवावा, कारण फळी, कागद, केक आणि मेरिंग हे सारेच उष्णतेचे मंदवाहक आहेत, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले होते. सव्वाशे वर्षांनंतरही त्यात फारशी भर घालावी लागत नाही. फ्रान्समध्ये हाच पदार्थ 'नॉर्वेजियन ऑम्लेट' म्हणून ओळखला जातो.

घरी करताना पहिला निर्णय आइस्क्रीमचा. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार 'आइस्क्रीम' म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किमान १० टक्के दुग्धस्निग्धांश असावा लागतो. वनस्पती तेलापासून केलेला पदार्थ 'फ्रोजन डेझर्ट' या नावाने विकला जातो. डब्यावरील हे शब्द वाचून घ्यावेत. दोन्ही वापरता येतात, मात्र दाट आणि हाताला जड लागणारा डबा निवडावा. फार हलके, फुगवलेले आइस्क्रीम कापताना घुमट ढासळतो. सरबती बर्फाळ प्रकार टाळणेच उत्तम.

सुमारे १६ सेंटिमीटर तोंडाचा, १ लिटर मावेल असा वाडगा घेऊन त्याला आतून क्लिंग फिल्म लावावी आणि तिची टोके बाहेर लोंबती ठेवावीत. आइस्क्रीम फ्रीजच्या खालच्या कप्प्यात १० ते १५ मिनिटे ठेवून चमच्याने दाबता येईल इतपतच मऊ करावे, पातळ होऊ देऊ नये. पूर्ण वितळलेले आइस्क्रीम पुन्हा गोठवले तर त्यात खरखरीत स्फटिक तयार होतात आणि ते आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य नसते. वाडग्यात आइस्क्रीम दाबून भरावे, पोकळ्या राहू देऊ नयेत. वर स्पंजकेकची २ सेंटिमीटर जाड आणि घुमटापेक्षा सर्व बाजूंनी १ सेंटिमीटर मोठी, म्हणजे १८ सेंटिमीटर व्यासाची चकती ठेवून सर्व काही रात्रभर गोठवावे. केक घरी करायचा असल्यास ३ अंडी, ९० ग्रॅम साखर आणि ९० ग्रॅम मैदा हे प्रमाण २० सेंटिमीटरच्या साच्याला पुरते. बाजारातील साधा स्पंजही चालतो. केकवर जर्दाळूचा किंवा संत्र्याचा जॅम पातळ पसरल्यास गोडव्याला आंबटपणाची जोड मिळते, आणि या पदार्थाला तिची गरज असते.

रात्रभराची ही अट काटेकोर आहे. ब्रिटनमधील 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' या दूरचित्रवाणी स्पर्धेत २०१४ साली याच पदार्थाने मोठा गहजब उडवला. एका स्पर्धकाचे आइस्क्रीम नीट गोठण्याआधीच फ्रीझरबाहेर राहिले. संतापून त्याने संपूर्ण पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि प्रेक्षकांच्या शेकडो तक्रारी दाखल झाल्या. फ्रीझरमधून आइस्क्रीम नेमके कुणी बाहेर काढले यावरच सारी चर्चा झडली. काही तासांच्या स्पर्धेत असे आइस्क्रीम गोठवायला लावणे कितपत रास्त, हा प्रश्न मात्र मागे पडला. घरी अशी घाई करण्याचे कारण नाही. ज्या दिवशी वीजपुरवठा बेभरवशाचा असेल, त्या दिवशी हा बेत पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

आता मेरिंग. अंड्याच्या पांढऱ्या बलकात सुमारे ९० टक्के पाणी आणि १० टक्के प्रथिने असतात. फेटताना गुंडाळलेले प्रथिनांचे धागे उलगडतात आणि हवेच्या प्रत्येक बुडबुड्याभोवती पडदा तयार करतात. पिवळ्या बलकाचा किंवा तुपातेलाचा अंशही हा पडदा दुबळा करतो. म्हणून भांडे काचेचे अथवा स्टीलचे घ्यावे. प्लॅस्टिकला स्निग्धता चिकटून राहते. लिंबाचा रस किंवा क्रीम ऑफ टार्टर यांच्या आम्लामुळे प्रथिने एकमेकांना प्रमाणाबाहेर आवळत नाहीत आणि फेसाला पाणी सुटत नाही. साखर फेसाला स्थैर्य आणि चकाकी देते.

येथेच सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहतो. ओव्हनमधील तीन-चार मिनिटांत मेरिंगचा केवळ पृष्ठभाग तापतो. आतील थर आइस्क्रीमला लागून असतो आणि तो गरम होऊ नये हाच तर सारा खटाटोप. अर्थात कच्चा बलक फेटून वर साखर घातली, तर बाहेरून सोनेरी दिसणाऱ्या या पदार्थात बलक कच्चाच राहतो आणि साल्मोनेला जिवाणूंचा धोका टळत नाही. लहान मुले, गर्भवती, वृद्ध आणि आजारातून उठलेल्या व्यक्तींसाठी तो विशेष गंभीर असतो. उपाय सोपा आहे : बलक आधीच तापवून घेणे.

५ अंड्यांचा पांढरा बलक (सुमारे १५० ग्रॅम), २७५ ग्रॅम साखर आणि पाव चहाचा चमचा क्रीम ऑफ टार्टर किंवा १ चमचा लिंबाचा रस एका भांड्यात एकत्र करावा. ते मंद उकळणाऱ्या पाण्याच्या पातेल्यावर असे ठेवावे की भांड्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. मिश्रण ७१ अंशांपर्यंत तापेतो सतत हलवत राहावे. स्वयंपाकाचा तापमापक या कामी अपरिहार्य आहे; बोटांत साखरेची कणी लागेनाशी होणे ही साखर विरघळल्याची खूण आहे, बलक पुरेसा तापल्याची नव्हे. हलवणे थांबले तर कडेचा बलक शिजून त्याच्या गुठळ्या होतात. त्यानंतर भांडे उतरवून विजेच्या बीटरने ८ ते १० मिनिटे, मिश्रण गार होऊन त्याचे टोक ताठ उभे राहीपर्यंत फेटावे. गार होणे येथे ताठपणाइतकेच महत्त्वाचे आहे; कोमट मेरिंग आइस्क्रीमवर थापले तर पहिला घाव घरच्याच हातून बसतो. या पद्धतीला 'स्विस मेरिंग' म्हणतात. उरलेल्या पिवळ्या बलकांचे त्याच दिवशी कस्टर्ड करावे.

अंडे न खाणाऱ्यांसाठीही वाट आहे. काबुली चणे शिजवलेले दाट पाणी अंड्याच्या बलकासारखे फुगते, हे जोएल रोसेल या फ्रेंच व्यक्तीने २०१४ मध्ये लक्षात आणून दिले. 'अ‍ॅक्वाफाबा' हे नाव त्याला पुढल्या वर्षी मिळाले. असे १२० मिलिलिटर पाणी आटवून, गार करून, चिमूटभर क्रीम ऑफ टार्टरसह फेटावे आणि १५० ग्रॅम पिठीसाखर थोडीथोडी मिसळावी. फेस उत्तम होतो, पण तो अंड्यासारखा उष्णतेने घट्ट बसत नाही. त्यामुळे ओव्हनपेक्षा हातातील छोट्या गॅस टॉर्चने वरवर भाजणे अधिक खात्रीचे. केकही अर्थातच बिनअंड्याचा निवडावा.

ओव्हन २३० अंशांवर किमान २० मिनिटे आधी तापू द्यावा. लाकडी फळी किंवा बेकिंग कागद पसरलेला ट्रे घेऊन त्यावर घुमट उलटा पाडावा आणि क्लिंग फिल्म सोलून काढावी. त्यावर मेरिंगचा किमान २ सेंटिमीटर जाड थर भराभर द्यावा. थर केकच्या कडेवरून खाली ट्रेपर्यंत टेकला पाहिजे. बोटभर फट राहिली तरी तप्त हवा तेथून आत शिरते आणि आइस्क्रीम नेमके तेथूनच गळू लागते. चमच्याच्या पाठीने काढलेली टोके आधी भाजतात आणि शोभाही देतात. मेरिंग लावलेला घुमट भाजण्यापूर्वी काही तास फ्रीझरमध्ये ठेवता येतो, आणि पाहुणे येणार असतील तर तसे करणेच सोयीचे.

भाजण्याचा वेळ ३ ते ५ मिनिटे. लहान ओटीजीत वरची दांडी जवळ असल्याने टोके झपाट्याने काळी पडतात. ट्रे खालच्या खाचेत ठेवावा, दीड-दोन मिनिटांनी फिरवावा आणि या काळात ओव्हनसमोरून हलू नये. साध्या मायक्रोवेव्हमध्ये हा पदार्थ होत नाही, कारण त्यात पृष्ठभाग खरपूस होत नाही. कन्व्हेक्शनची सोय असलेला मायक्रोवेव्ह त्याच पद्धतीवर लावला तर चालतो.

मायक्रोवेव्हचा हाच स्वभाव हेरून ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्ती यांनी १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात एक गंमत करून दाखवली. गोठलेला बर्फ या लहरी फारशा शोषत नाही, द्रव पदार्थ मात्र झटकन तापतो. त्यांनी बाहेर गोठलेले कवच आणि आत गरम मद्य असा उलटा पदार्थ तयार केला आणि त्याला 'फ्रोझन फ्लोरिडा' असे नाव दिले.

भाजलेला बेक्ड अलास्का लगेच वाढायचा असतो. धारदार सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एका दाबात खालच्या केकपर्यंत उतरवावी आणि प्रत्येक कापाला हेच पुन्हा करावे. एवढ्या प्रमाणात आठ जणांचे वाढप होते. उरलेला भाग झाकून तत्काळ फ्रीझरमध्ये ठेवावा. साखरेमुळे मेरिंग तेथेही मऊच राहते, मात्र एक-दोन दिवसांत ते चिकट होऊ लागते.